आधी तो जाईल

बोट सुटतानाच फ्लाविएँनं बजावलं:
तीन तास. बरोबर साडेबाराला परत.
उशीर केलात तर मासा मी एकटा खाईन.

गुडघाभर पाण्यात उतरलो,
चपला हातात, पिशवी डोक्यावर,
आणि पोटरीला घासून गेलं काहीतरी करडं.
"शार्कचं पिल्लू," तो म्हणाला, "घाबरतं फार."
कोण घाबरतं, ते विचारायचं राहिलं.

वाळू नुकत्याच दळून आणलेल्या पिठाइतकी कोमट.
ताकामाकाच्या सावलीत दगड होते पाच-सहा.
त्यातल्या एकावर पिशवी ठेवली.
दगडानं मान बाहेर काढली.

सगळं ऐकून घेऊन
शेवटी काहीच न बोलणाऱ्या थोरल्या काकांचा चेहरा.
पिशवीतलं केळं त्याला माझ्याआधी कळलं.

"केळं नाही," मागून आवाज आला.
झेलिया. खाकी अर्धी चड्डी, हातात आकड्यांची वही,
कानामागे पेन्सिल.
"मानेखाली खाजव. तिथं, कातडं सैल आहे तिथं."
खाजवलं. आणि ते दोनशे किलोंचं घर
कुणी आतून जॅक लावावा तसं
इंच इंच वर उचललं गेलं,
मान ताणलेली, डोळे मिटलेले.
एवढ्या विश्वासाची मला सवय नाही.
मी हात काढून घेतला. तो तसाच उभा राहिला.

मग खारफुटीतल्या फळकुटांवरून, खेकड्यांना वाट देत,
बेटाच्या पलीकडच्या अंगाला.
तिथं डॉक्टरचं घर आहे, रंगवून नीट ठेवलेलं.
आणि झाडीत भिंती, कमरेएवढ्या,
ज्यांना कुणी रंगवत नाही.

"आजीची बहीण, ओर्तांस," झेलिया म्हणाली,
"चौदाव्या वर्षी इथं आणली. बोटं बधिर झाली होती.
चमचा वेगळा, बोट वेगळी,
समुद्र तोच."
समोर प्रालँ. घराच्या चुलीचा धूर दिसायचा.
वारा बरा असला की रविवारची घंटा ऐकू यायची.
ती त्या दिवशी वेणी घालायची.

"तेव्हा कासवं होती?"
"नाही. होती ती गलबतवाल्यांनी कधीच खाऊन संपवलेली.
ही आणली अल्दाब्राहून. माणसं गेल्यावर.
यांनाही कुणी विचारलं नव्हतं."

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं.
आणि डॉक्टरच्या पायऱ्यांखाली, वाटेत आडवा,
एक म्हातारा, पाठीवर पांढरा आकडा पुसट झालेला.
एका बाजूला काटेरी झुडूप, दुसऱ्या बाजूला चिखल.
"ओलांडू?"
"नको. आधी तो जाईल."

तो गेला नाही.
त्यानं एक पान पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग ते सोडून दुसरं खाल्लं.

झेलिया पायरीवर बसली, वही गुडघ्यावर.
"सोडलं तेव्हा ओर्तांस सेहेचाळीसची.
कागद आला, सही झाली, बोट आली.
ती वाळूपर्यंत आली आणि बसली.
दुसऱ्या दिवशी बोट आली. तिसऱ्या दिवशी.
गावातले म्हणाले, उचलून आणा म्हातारीला.
बोटवाला म्हणाला, बघू उद्या.
नवव्या दिवशी ती स्वतःच्या पायानं पाण्यात उतरली,
वेणी घालून. वार कुठला होता, कुणास ठाऊक."

मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं जे होतं ते फार स्वच्छ होतं,
हॉटेलच्या टॉवेलासारखं.

मग तो हलला.
एक पाय. विचार. दुसरा पाय.
कवच पायरीला घासलं, आणि वाट मोकळी झाली
एका माणसाच्या रुंदीपुरती.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता.
माझी एक चपल एका खेकड्यानं ताब्यात घेतलेली.
फ्लाविएँ झाडाला टेकून, बोटं चाटत.
"कासव आडवं होतं," मी म्हणालो.
"कुठलं?"
एखाद्या घरातल्या माणसाबद्दल विचारावं, तसं विचारलं त्यानं.
"डॉक्टरच्या पायरीपाशी."
"हां, मग बरोबर," तो म्हणाला,
आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.
अर्धा मासा होता.
डोक्याकडचा.