जेवढी सुटली तेवढी

सारेमा बेटावरच्या दीपगृहाच्या पायथ्याला
एक लोखंडी कडी आहे, अजून गंजते आहे.
तिला मिर्ट बांधलेली असायची,
एका शिंगाची पांढरी शेळी,
आणि तिची दोरी रोज सकाळी
गोल भिंतीला वेढे घालून तयार.

विल्लू दिव्याच्या काचा पुसायला वर चढला
की मिर्ट उलट्या अंगाने निघे, चरत,
दोरी ताणून, मान वाकडी करून.
भिंतीवरून जेवढी सुटली
तेवढीच गवताच्या वाट्याला आली,
एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही.
संध्याकाळी लेलो वरून बघायची:
खाल्लेल्या गवताची कड
वर्तुळ नव्हती.
वर्तुळ घरी परत येतं. ही कड
दर फेऱ्याला घरापासून लांब.

"दोरी सैल पडली तर?"
"मग नुसती शेळी," विल्लू म्हणाला.

मग त्याने बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीला
शिवणाचा दोरा गुंडाळला, टोकाला पेन्सिल.
बघ, सुटताना दोरा डबीला फक्त चाटून जातो
आणि रेघेला भेटतो तो कायम काटकोनात.
एवढं सांगून
त्याने दोऱ्याला आणखी एक गाठ मारली,
दोन बोटं अलीकडे, तिथे दुसरी पेन्सिल.
एकाच डबीच्या दोन रेघा निघाल्या.
लेलोने त्यांच्यामधलं अंतर मोजलं,
सुरुवातीला, मध्ये, कागद संपला तिथे.
दोन बोटं.
दोन बोटं.
दोन बोटं.

विल्लू बराच वेळ काही बोलला नाही.
खाली किनाऱ्यावर सैनिक वाळू विंचरत होते,
रात्री कुणी पळालं तर पाऊल उमटावं म्हणून.
पलीकडे गोटलांड. चव्वेचाळीसच्या शरदात
वल्ह्याला फडकी बांधून गेलेला त्याचा भाऊ, एंडेल.
त्याची पत्रं यायची, उघडून पुन्हा चिकटवलेली:
सफरचंदं लागली आहेत, गुडघा दुखतो.
इकडेही सफरचंदं लागलेली असत.
इकडेही गुडघा.

लेलो आता टालिनमध्ये दातेरी चाकं आखते.
रशियन पुस्तकात त्या वक्राचं नाव भेटलं, एव्होल्व्हेंटा,
आणि तिला आधी बकरीचा वास आला.
प्रत्येक दाताची पाठ तोच वक्र,
म्हणून एक चाक दुसऱ्याला ढकलतं
ते धक्का न देता, एकाच सरळ रेषेतून.
चाकं एकमेकांपासून थोडी सरकली
तरी लय मोडत नाही,
हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली.
थोडी म्हणजे किती, ते तक्त्यात आहे.

तक्त्यात तिने गोटलांडही शोधून पाहिलं,
डबा खायच्या सुट्टीत, कुणी नसताना.