माणेस कल्हई, आणे दोन

कोठी कचेरीच्या तळमजल्यावर
वाळवीच्या औषधाचा वास माणसांच्या आधी हजर असतो.
मोडी वाचता येते म्हणून मला बसवलंय,
पानामागे अकरा रुपये.
पंखा आहे. फिरतोच असं नाही.

आज कलावंतांच्या खर्चाचं बाड.
पहिलवानांचं दूध, सारंगीला तात,
कुणा नाचणारीचे घुंगरू, पितळ शेरावर,
आणि मग, बोरू जरा दाबून :
‘माणभट केवळराम विश्वंभर, वस्ती वाडी.
माणेस कल्हई. आणे दोन.’

माण म्हणजे तांब्याची घागर. तोंड अरुंद, पोट मोठं.
पुढ्यात घ्यायची, बोटांत अंगठ्या चढवायच्या
आणि आख्यान लावायचं, चौकातल्या ओट्यावर,
दिव्यातलं तेल संपेपर्यंत.

शेजारी समासात, तिरक्या हातानं, दुसरा कुणी :
‘वाजवावयाचे भांड्यास कल्हई कशास?
खुलासा व्हावा.’

हा दुसरा कुणी आमच्यातलाच असणार.
रकान्याबाहेर सांडलेले दोन आणे
त्याला झोपू देत नसावेत.
माझ्या काकांच्या डोळ्यांत तो
पेन्शनीपर्यंत मुक्कामाला होता.

खुलासा पुढल्या पानावर. गुजरातीत सांगितलेला,
मोडीत उतरवलेला, म्हणून जरा लंगडणारा :
‘दिवसा तीत घरचे पाणी असते.
तांबे उतरोन पोरे ओकतात.
रात्री तीत राजा असतो, राणी असते, वनवास असतो.
त्यांस कल्हई लागत नाही.
पोरांस लागते.’

यावर शेरा नाही.
श्रावण सरतो, भादवा सरतो.
शेरा नाही.

इथून पुढलं बाडात नाही.
मांडवीपाशी चंपकभाई कंसारा सांगतात
परातीचा पोचा काढता काढता,
आणि त्यांच्याकडे परात काय, गोष्ट काय,
ठोकून ठोकूनच सरळ होते.

केवळरामनं राजा-राणीला वनात नेलं
आणि तिथंच ठेवलं.
एक रात्र. चार रात्री. नऊ.
रोज ओट्यापुढे गर्दी, रोज तेच रान,
तीच राणी झाडाखाली पायातला काटा काढतेय
आणि काटा निघत नाही.
टण् टणाटण्, टण् टणाटण्.
आगळ चालो, भटजी, कुणी ओरडलं की
तो पाण्याचा घोट घेई, माणेतलाच,
आणि तोंड वाकडं करी.

दहाव्या दिवशी बायका कोठीवर आल्या.
रावपुऱ्यातल्या, मराठी,
ज्यांना गुजराती अर्धीमुर्धी कळे
आणि काटा पुरता कळे.
पाय सुजला असेल हो तिचा, म्हणाल्या,
तुमच्या दोन आण्यांपायी.

खरंखोटं चंपकभाई जाणे.
त्यांचे आजोबा म्हणे त्या गर्दीत होते.
साल जुळत नाही.
मी बोललो नाही, परात माझीच होती.

बाडात एवढंच : ‘अदा. आणे दोन.’
आणि सहीच्या जागी सही नाही.
शाईत बुडवून टेकवलेल्या
अंगठ्यांच्या चार कडा.
चौथी फाकलेली, करंगळीची,
वाजवून वाजवून तिचं तोंड उघडलं असावं.
पानावर कान ठेवावासा वाटला.
ठेवला. औषधाचा वास आला.

संध्याकाळी स्कॅनरवरचा पोरगा पान उचलतो.
नवीन आहे, डभोईहून येतो, एका कानात गाणं.
सर, खाली शाईचे डाग आहेत. क्रॉप करू?

अरे थांब, म्हटलं.
राणी अजून झाडाखाली बसलीय.