उत्तर देऊ नये

पोर्ट पाचशे सत्त्याऐंशी. पासवर्ड तिसऱ्यांदा चुकला.
पाणी खात्याची दिवाडीतली खोली,
फेरीबोट पलीकडे गेलेली.
बिलं आता मेलने जाणार, म्हणून मी इथे.

नमस्कार, मी अमुक, म्हणतो माझा प्रोग्राम.
सर्व्हर म्हणतो, बोल.
कोणाकडून, कोणाला, काय, सगळं सांगून झालं
की शेवटच्या ओळीवर एकटा एक ठिपका.
मग तो म्हणतो : दोनशे पन्नास. घेतलं.
घेतलं म्हणजे पोचलं नव्हे,
हे साहेबांना समजावताना चहा निवला.

चाचणीला यादीतलं पहिलंच नाव धरलं :
बोस्त्यांव रेबेलो, घर एकशे चार, अकरा युनिट.
खाली छापलेलं,
या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

पाचव्या दिवशी त्याच पत्त्यावर उत्तर.
रोमी लिपीत, घाईत :
बोटीवर आहे, सांतोस बंदरात.
घराला दोन वर्षं कुलूप.
मागीर उदक पिता कोण?

मीटर बिघडला असेल, कारकून म्हणाला.
मी चालत गेले.
कुलूप गंजून एकजीव झालेलं.
अंगणातला नळ मात्र ओला
आणि भिंतीलगत अबोली,
कोणी न बघता एवढी फुललेली.
शेजारची रुझारिना बादली घेऊन उभी,
जराही न दचकता :
"बील तो भरता न्हय? मागीर."

संध्याकाळी त्याला लिहिलं,
प्रोग्रामातून नव्हे, माझ्या पत्त्यावरून.
मीटर बरोबर आहे.
एवढंच, आणि ठिपका.

अजून घेतलं की पोचलं,
कळलेलं नाही.