ज्ञात आणि यापुढे, शोधल्या जाणाऱ्या

वेंगुर्ल्याच्या कोर्टात माझं बहुतेक काम
काजूच्या बागांचं, बांधाचं, वाटपाचं.
एका सातबारावर एकोणीस नावं, त्यातली अकरा मुंबईत,
तीन वर.
म्हणून शेवंती गिरप कागद घेऊन आली तेव्हा
मी सवयीनं विचारलं, सर्व्हे नंबर?
"जमीन नाय गो," ती म्हणाली. "आवाज."

टोपली तिनं दाराबाहेर ठेवली होती.
वास आत येऊन पक्षकाराच्या दुसऱ्या खुर्चीत बसला.

मार्गशीर्षात, बाजार थंड असताना,
कॅमेरा घेऊन पोरं आली होती.
मावशी, रोज घालता तशी हाळी घाला.
तिनं घातली.
पाचशे रुपये, एक टोपी, आणि सही.
अंगठा नव्हे हं. सही. चौथीपर्यंतची.

परवा भाच्याच्या फोनातून ती ओरडली:
ताजो सरंगो, फडफडीत सरंगो!
आणि ती तर गप्प होती, तोंडात पान होतं.
आता पुण्यात कुणी मासे मागवले की ती ओरडते.
पुणं तिनं पाहिलेलं नाही.
हिंदीत ओरडते. तमिळमध्ये ओरडते.
अंड्यांवर वीस टक्के सूट, म्हणून ओरडते.
"मियां कधी अंडी इकलंय?"

मी कागद मोठ्यानं वाचला.
सदर ध्वनी व त्याची सर्व रूपांतरे, अखिल विश्वात, चिरकाल,
ज्ञात आणि यापुढे, शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत.

"विश्वात म्हणजे कुडाळ धरान?"
धरून.
"माझो घोव दर्यात गेलो, गावलो नाय.
तो पण विश्वातच असतलो मा?"
असेल.
"मगे तेका ऐकाक येता?"

यावर कलम नाही.

मी पंख्याचा वेग वाढवला. पाणी प्याले.
कारण 'यापुढे' नंतरचा तो फुकटचा स्वल्पविराम
माझा आहे.
लोअर परळ, सोळावा मजला, रात्रीचे दोन,
खोबरेल तेलाची जाहिरात, मराठी प्रत सकाळी हवी.
सिनियर म्हणाले होते, भोक ठेवू नकोस.
नाही ठेवलं. शाबासकी मिळाली, वर टॅक्सीचं भाडं.
मग तो परिच्छेद कुणाकुणाच्या फायलीतून
कुठकुठल्या कंपन्यांत फिरत, वाढत,
चौदा वर्षांनी वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात उतरला.

तिचा घोव जाळी विणायचा.
जाळ्याला भोकं असतात, पिल्लं सुटावीत म्हणून.
हे मला त्या मजल्यावर कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

नोटीस लिहायला बसले.
कलाकार या शब्दात कायद्यानं गारुडी बसवलाय,
कसरतवाला बसवलाय, भाषण देणारासुद्धा.
मासे विकणारी बसते का, बघू; मी तर बसवलीच.
तिनं दिली ती हाळी, गळा दिलेला नाही.
आणि मुद्दा सहा: स्वल्पविराम.
'यापुढे' इथेच तुटतं, पुढचं त्याला लागू पडत नाही,
असा अर्थ लागतो, निदान लावता येतो.
माझ्याच चुकीवर उभी राहून
माझ्याच शहाणपणाविरुद्ध मी सहा पानं भांडले.

वकालतनामा तिच्यासमोर ठेवला.
फुलीच्या जागी सही करा, म्हटलं.
तिनं चष्मा मागितला. माझाच घातला.
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
खवल्याचा एक चकाकता तुकडा
बोटाबरोबर शब्दाशब्दावरून सरकत गेला.
चाळीस मिनिटं. बाहेर मांजर टोपलीपाशी आलं,
तिनं न बघता हाकललं.
मग सही.

"जिंकलंस तर बंद करतले?"
हो.
"सगळोच?"
सगळाच.
ती टोपली डोक्यावर घेता घेता थांबली.
"पुण्यातलो कर बंद. अंड्यांचो तर करच.
विश्वातलो तेवढो रवांदे."