भेटीचे कारण

अकरा वर्षं मी हाच प्रश्न विचारतो :
या तांपेरे शहरात रोज कॉफीचे किती कप विसळले जातात?
उत्तर मलाही ठाऊक नाही.
बघायचं एवढंच, की समोरचा माणूस
अंदाजाचा दोर कुठल्या खुंटीला बांधतो.

सकाळपासून तिघं येऊन गेले.
तिघांनीही फळ्यावर चौकोन काढले,
चौकोनातून बाण, बाणापुढे चौकोन,
आणि स्टेकहोल्डर हा शब्द
काचेच्या बरणीसारखा दोन्ही हातांनी उचलला.

चौथी सातु हाउताला. वय एकेचाळीस.
सहा वर्षं शहर बससेवा, मार्ग आठ.
मग एक संध्याकाळचा कोर्स, मग आम्ही.
बूट दाराशी झटकून आलेली, तरी
खुर्चीखाली बर्फाचं पाणी हळूहळू पसरत होतं
आणि ते तिला दिसत होतं.

ओस्मो म्हणाला, बस चालवणं आणि बिझनेस अ‍ॅनालिस्ट...
आणि वाक्य तिथंच ठेवलं.
आमच्याकडे वाक्यं अशी ठेवतात.
समोरच्यानं उचलावीत म्हणून नव्हे, नुसतीच.
तीही गप्प. इथलीच ती.
खाली नदीचं पाणी
जुन्या कापडगिरणीच्या विटांना घासत गेलं, जात राहिलं.

मग म्हणाली :
खाली मिर्यानं माझं नाव दोनदा लिहिलं.
एकदा स्क्रीनवर, एकदा वहीत.
मी विचारलं, वही कोण वाचतं?
म्हणाली, कुणी नाही.
मग लिहायची कशाला?
तर म्हणे चौदा वर्षांपूर्वी वीज गेली, धूर झाला, बंब आला,
आणि आत माणसं किती, ते कुणालाच सांगता येईना.
तेव्हापासून वही.
मी विचारलं, उद्या धूर झाला तर वही घेऊन धावणार कोण?
मिर्या हसली.
म्हणाली, माझा एक गुडघा स्टीलचा आहे.

थांबली. पाण्याचा ग्लास सरकवला, प्यायली नाही.
वही नको असं नाही, म्हणाली. वही हवीच.
फक्त ती दाराबाहेर टांगायला हवी.

ओस्मोनं घड्याळ पाहिलं. एसक्यूएल?
शिकतेय. दोन तक्ते जोडताना अजून चुकते.
त्यानं दोन गुण लिहिले. मी चार लिहिले,
मग त्याच्या कागदाकडे पाहून खोडून तीन केले.
पेन्सिल त्यासाठीच तर देतात.
मिर्याशी बोलली, याला रकाना नव्हता.

कपांचा प्रश्न मी विचारलाच, सवयीनं.
तिनं माणसं धरली, कचेऱ्या धरल्या,
शाळेतले शिक्षक वेगळे धरले, का ते कळलं नाही,
गुणाकार केला, आकडा सांगितला, हात मिळवला,
दारापर्यंत गेली आणि वळली :
एक शून्य राहिलं.

साडेतीनला अंधार.
सही करायचे कागद टेबलावर तसेच ठेवून
मी खाली गेलो.
मिर्या कोटाची बटणं लावत होती.
जुन्या वह्या आहेत का विचारलं, तर तिनं
न बोलता खालचा खण पायानं उघडला.

वेळ लागला सापडायला.
माझं नाव. मार्च महिना. सकाळी नऊ पाच.
भेटीला नऊ पन्नासची वेळ होती, हे आता आठवलं.
कुणाला भेटायचं : ज्यांना भेटलो
त्यांच्या निरोपाचा केक कापूनही आता सात वर्षं झाली.
भेटीचे कारण : मुलाखत.
अक्षर इतकं दाबून लिहिलेलं
की मागच्या पानावरही उमटलंय,
एका पाववाल्याच्या नावावरून.

आणि शेवटचा रकाना,
बाहेर पडल्याची वेळ,
कोरा.

दिवा घालवू का, मिर्यानं विचारलं.
थांब म्हणालो. पेन आहे का तुझ्याकडे?