खवला

तो पोरगा, कॅलम, गुडघ्यांवर बसून
माझं कपाट चाळत गेला,
जशी मी एकेकाळी बर्फातले हॅडक चाळायचे:
डोळे बघ, कल्ले बघ, पुढचा.
मग म्हणाला,
"तुमच्या मिस्टरांची आवड दांडगी होती हो."

डेसचे गळ परसातल्या शेडमध्ये आहेत, म्हटलं.
दोन रिळं, एक गंजका डबा.
त्यांचं काय देतोस ते सांग.
रेकॉर्डी माझ्या आहेत.

सतराव्या वर्षी हलच्या बंदरावर मासे कापायचे मी.
शुक्रवारी पगाराचं पाकीट मिळायचं,
निम्मं आईच्या हातावर,
आणि बसचं भाडं वाचवून
मी नि ग्लेनिस दुकानापर्यंत चालत.
तशीही बसमध्ये आमच्या शेजारी
कुणी बसायचं नाही.
लिंबू चोळा, साबण चोळा,
कॉड कातडीतून उतरत नसे.
दुकानदार ओरडायचा, कव्हरांना हात लावू नका गं पोरींनो.
आम्ही लावायचोच.

कॅलमला म्हटलं, उद्या ये.
तो गेल्यावर शेगडी पेटवली,
सुईवरची धूळ फुंकली
आणि ती लावली, काळ्या कव्हरची,
जिच्यावर नुसती एक जळती डोलकाठी आहे
आणि मागे माझ्या अक्षरात:
नोरीनची. हात लावाल तर याद राखा.

आधी खरखर,
शेजारच्या घरात कुणी काहीतरी तळत असल्यासारखी.
मग गिटार, डावीकडून.
पूर्वी ती अंगावर धावून यायची,
आज येऊन खुर्चीत बसली.
ड्रमवाला घाई करतो
हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.
केवढीशी होती ती पोरं,
माझ्या नातवाएवढी,
आणि मरणाबद्दल कशी बेंबीच्या देठापासून ओरडतायत,
जसं काही कालच त्याला स्टेशनावर सोडून आलीत.
हसूच आलं मला.
पण आवाज कमी नाही केला.

तिसऱ्या गाण्यात ओरखडा आहे.
दुसऱ्या दिवशी ग्लेनिसचा भाऊ टेरेन्स
ट्रॉलरवर चढणार होता, आइसलंडच्या बाजूला.
नाचता नाचता टेबलावर आदळला,
आणि सुई दोन ओळी ओलांडून गेली.
ट्रॉलर परत आली, टेरेन्सही आला,
पुढे गॅसचे मीटर वाचायला लागला,
जाड झाला.
अजून दर नाताळात म्हणतो,
नोरीन, तुझी एक एलपी देणं लागतो मी.

पण त्या दोन ओळी काय होत्या
ते मी विसरले.
दातांच्या डॉक्टरकडे, भाजीच्या दुकानात
कुठेही ते गाणं लागलं
की त्या जागी मी उडी मारते
आणि गाणं सरळ चालत राहतं,
ओळख न दाखवता.

दुसरी बाजू लावायची म्हणून
कव्हर उचललं, आतला कागद सरकला,
आणि काहीतरी चमकलं, नखाएवढं.
खवला.
पन्नास वर्षांचा, कोरडा, आरपार दिसणारा.
दिव्यासमोर धरला.
त्यावरही वर्तुळं,
केसाहून बारीक, एकात एक.
जेवढी वर्तुळं तेवढे हिवाळे,
आमची मुकादम सांगायची.
चष्मा आणून मोजली. चार.
मग, आजूबाजूला कुणी नाही बघून,
नाकाशी नेला.

काही नाही.
ज्या वासापायी मी नाचायला जाताना
कोपरापर्यंत हात खरडून काढायचे,
तो आता शोधला तर नाही.

कॅलमला फोन केला.
म्हटलं, ये तू, चहा घे, गळ घेऊन जा,
रेकॉर्डींचं पुढच्या वर्षी बघू.
तो म्हणाला, भाव उतरतील.
म्हटलं, उतरू देत बाबा.

खवला होता तिथे ठेवला.
तबकडी उलटली.
या बाजूला एकही ओरखडा नाही.
ही मला कधी तेवढी आवडलीच नव्हती.