शून्य

पट्टा ओला करून बांधायचा असतो.
ज्वेलच्या तळ्याकाठी, पहाटे साडेपाचला
बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन
टी-शर्टाच्या आत हात घालते,
समोरून येणारे काका तेवढ्यात फ्लेमिंगो शोधू लागतात.

माहितीपत्रकावर एक सपाट छाती,
तिच्यावर सरळ रेघ.
माझ्याकडे आधीच एक इलास्टिक आहे.
त्याच्याखाली उरते ती बोटभर जागा
घामाची.

पहिल्या फेरीला एकशे बेचाळीस.
दुसरीत पट्टा घसरून पोटावर, आणि घड्याळ म्हणतं
शून्य.
मी धावतेय. चांगली धापा टाकत.
तिसरीत दोनशे अठरा.
निमकर सर म्हणतात, घट्ट करा.
केला.
रात्री आंघोळीचं पाणी
बरोबर त्या रेघेवर झोंबतं.

करावे गावात बेबीताई म्हात्रे ब्लाउज शिवतात.
पट्टा आणि ब्रा, दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवलं.
त्यांनी पट्टा उलटासुलटा केला, ताणून पाहिला,
"यो काय मोजतो गो?"
ठोके, म्हटलं.
गळ्यातली टेप काढून त्या मुकाट माझ्या पाठीमागे गेल्या.

चार लूप, आतून सुती अस्तर,
कातडीला टेकायला हवं तिथे दोन खिडक्या.
ऐंशी रुपये.

मग शटर अर्धं ओढून म्हणाल्या, "मना बांध."
घड्याळ त्यांच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर.
चौऱ्याऐंशी.
"बसल्या बसल्या?"
आणि पायाखालचं मशीन जोरात हाणलं.
एक्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे तीन.
सुईखाली कापड नव्हतंच.